अर्जाचं लग्न आणि ओटीपीचा गजर

समितीच्या अहवालात माझ्याविषयी जो शेरा आहे तो मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको. ‘माहितीची गोपनीयता’ या रकान्यात लिहिलंय, ‘अत्यंत असमाधानकारक’. ‘अत्यंत’च्या खाली रेघ आहे. शेजारणीच्या सुनेला दिवस गेल्याचं सगळ्यांआधी मला कळलं होतं, आणि सासूनं स्वतः पेढे वाटीपर्यंत मी ब्र काढला नव्हता. त्या मला हा शेरा. आणि तोही एका अशा बाईनं दिलेला, जिनं भर देवळात माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्या. पण ते पुढे येईल.

मी रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात एम. ए.च्या वर्गाला लोकप्रशासन शिकवते. पदसोपान, अधिकारांचे प्रत्यायोजन, नोकरशाहीची वैशिष्ट्यं, हे सगळं मी झोपेतही सांगेन, आणि विद्यार्थीही ते झोपेतच ऐकतात, त्यामुळे कोणाची कोणाविषयी तक्रार नव्हती. एवढ्यात विद्यापीठाच्या मनात आलं की उद्याच्या प्रशासकाला संगणक आला पाहिजे. म्हणून ‘प्रशासनातील माहिती तंत्रज्ञान कौशल्ये’ हा पेपर सक्तीचा झाला, प्रात्यक्षिकासकट. तो शिकवायचा मात्र लोकप्रशासनाच्याच शिक्षकानं, असंही परिपत्रकात होतं. आमच्या विभागात शिक्षक म्हणून मी आहे, आणि एक कपाट आहे.

प्राचार्यांनी मला बोलावलं. “आठल्येमॅडम, तुम्ही मोबाईलवर कीर्तनं ऐकता ना?”

“ऐकते.”

“मग झालं तर,” असं म्हणून त्यांनी सही केली. माझ्या पात्रतेची एवढीच छाननी झाली.

आता कीर्तनाचं म्हणाल तर ते माझं सर्वस्व आहे. आमच्या आळीतल्या रामाच्या देवळात कीर्तन असलं की मी पहिल्या रांगेत, उजव्या खांबाला टेकून. बुवा चांगला असो वा नसो. घसा बसलेला बुवासुद्धा देवाचंच नाव घेतो, त्याला आपण कोण नावं ठेवणार? (तरी गेल्या वर्षीचे बुवा आख्यानात मध्येच स्वतःच्या परदेश दौऱ्याची हकीकत सांगत बसले ते मला आवडलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.)

तर शिकवायला लागले. आमचे विद्यार्थी मोजकेच, आणि सगळे नोकरीवाले. त्यांतली वेदिका पालीजवळच्या एका ग्रामपंचायतीत लिपिक. शनिवार-रविवारी एसटीनं येते, मागच्या बाकावर बसत नाही, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून सांगते. असा विद्यार्थी मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत फारसा भेटलेला नाही. तिच्या सासूनं तिला शिकायला परवानगी देताना सांगितलं होतं, “रत्नागिरीपर्यंतचं शिक्षण काय ते घे. त्याच्या पलीकडचं असेल तर ते तुझ्या पोरांना ठेव.” हे वाक्य लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा गोंधळ या एका वाक्यासाठी झाला.

पहिली अडचण लॅबची. महाविद्यालयात लॅब आहे, पण तिची किल्ली वाणिज्य विभागाच्या विनीतसरांकडे. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, “मॅडम, लोकप्रशासनाला लॅब कशाला? तुमचं सगळं फायलींवर चालतं. फायली घ्या.” मी लेखी मागितली. त्यांनी लेखी उत्तर दिलं की किल्लीसाठी नमुना अर्ज ऑनलाइन भरावा. ऑनलाइन भरायला संगणक लॅबमध्ये. मी प्रशासनाची प्राध्यापक आहे, असली वर्तुळं मी फळ्यावर काढून दाखवते, पण त्या वर्तुळात स्वतः फिरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मग मी फळ्यावरच कीबोर्ड काढला. अगदी मापात, रंगीत खडूनं. विद्यार्थी एकेक करून यायचे आणि अक्षरं दाबायचे. एंटर दाबला आणि बोटाला खडू लागला, की समजायचं मेल गेला. वेदिकाचा हात असा बसला की तिच्या कार्यालयातला खराखुरा संगणक तिला हळू वाटायला लागला. विनीतसर दारातून डोकावून हसून गेले. हसोत बापडे.

आणि विद्यापीठाचं पत्र आलं. पेपर प्रत्यक्षात शिकवला जातो का हे पाहायला समिती येणार, विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक बघणार. शिवाय वर्ग पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव विद्यापीठाच्या पोर्टलवर त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत चढवायचा. नाहीतर वर्ग बंद, आणि असलेल्या विद्यार्थ्यांनी कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी.

प्रस्ताव आधीच का पाठवू नये, असं मी कार्यालयात विचारलं. तिथे सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी लग्नाच्या आदल्या दिवशीच जेवायला आले आहे. प्राचार्य म्हणाले, “उत्तम योग आहे मॅडम. समितीसमोर विद्यार्थ्यांनीच प्रस्ताव चढवायचा. तेच प्रात्यक्षिक. एका दगडात सगळं.” वेदिका तिथेच उभी होती. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

त्या दिवशी लॅब कुठल्याशा भरतीच्या परीक्षेला दिलेली होती, हे सांगायला नकोच. विनीतसरांनी मोठ्या मनानं विभागाचा एक लॅपटॉप दिला आणि “जपून” असं तीनतीनदा बजावलं. प्रोजेक्टर कुठून आणायचा? आमच्या देवळाचा आहे. कीर्तनात पदांचे शब्द भिंतीवर दाखवायला घेतलाय. म्हणून मी शेजारी चिंतामणी खऱ्यांकडे गेले. चिंतामणराव पाटबंधाऱ्यातून निवृत्त झाले आणि देवळाचे चिटणीस झाले. हार्मोनियम बरी वाजवतात, नियम त्याहून बरे.

“प्रोजेक्टर सभागृहाबाहेर जात नाही,” ते म्हणाले.

“मग सभागृह द्या.”

“देतो. पण कुसुमताई, देवळाच्या घटनेत आहे. सभागृह कीर्तन, प्रवचन, मुंज, लग्न, एवढ्यालाच.”

“हे शिक्षण आहे हो चिंतामणराव. सरस्वतीचंच काम.”

“नाही म्हणतोय का मी? पण पावती कशाची फाडू? मुंज कोणाची लिहू, संगणकाची?” आणि मग त्यांचा चेहरा उजळला. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. “तुम्ही कीर्तनच करा की. एवढी वर्षं ऐकताय. मी पेटीवर बसतो.”

आणि मी हो म्हटलं. मोहात पडले म्हणा. उजव्या खांबाला टेकून इतकी वर्षं ऐकलेली कीर्तनं माणसाच्या अंगात कुठेतरी साठतातच. शिवाय अडचण खरी होती. आणि पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात त्याचं आख्यान, हीच तर अध्यापनाची पद्धत. विद्यापीठानं ती आता शोधून काढली आणि तिला इंग्रजी नाव दिलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या फळ्यावर रंगीत अक्षरं : ‘ह.भ.प. प्रा. सौ. कुसुमताई आठल्ये यांचे सुश्राव्य कीर्तन. विषय : ऑनलाइन अर्ज. सर्वांनी लाभ घ्यावा.’ सुश्राव्य कोणी ठरवलं? कोणी ऐकलं होतं? मी पुसायला गेले तर चिंतामणराव म्हणाले, एकदा लिहिलं की पुसायला कार्यकारिणीची बैठक लागते.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या लेले वहिनींनी ज्येष्ठमध आणून दिलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “संगणक वगैरे थोडं आटपा आणि ध्रुवाचं घ्या. ध्रुव कधी पडत नाही.” एकानं सहावारीच नेसा म्हणून सांगितलं, कारण नऊवारीत प्लगची वायर अडकते. देवळात झाडलोट करणाऱ्या आणि हार ओवणाऱ्या गंगुबाई तेवढ्या कामाचं बोलल्या. “बाय, लगीन ठेव कायतरी. लगीन असला का मान्सा उठत नाय.”

ते मला पटलं. मी आख्यान बांधलं. अर्ज ही वधू, पोर्टल हा वर. सोबतची जोडपत्रं त्या करवल्या. पोचपावतीचा क्रमांक पडद्यावर आला की लग्न लागलं. वेदिका व्यासपीठावरच चौरंगापाशी लॅपटॉप घेऊन बसणार, मी निरूपण करीन तसतशी ती प्रत्यक्ष करून दाखवणार. मला हे फार सुरेख वाटलं होतं. अजूनही वाटतं. कोणी काही म्हणो.

समिती आली. अध्यक्षा डॉ. मोहिते घाटावरच्या, कडक इस्त्रीच्या. चपला बाहेर काढा म्हटल्यावर त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी माझ्याकडे, मी रामाकडे. सभागृह गच्च भरलं होतं. परिपत्रक काढून कधी जमली नसती एवढी माणसं त्या ‘सुश्राव्य’नं जमवली.

नमन झालं. पूर्वरंगाला मी विषय घेतला गोपनीयता. इथे नीट ऐका. मी म्हटलं, ओटीपी म्हणजे गुरूनं कानात दिलेला मंत्र. तो ज्याच्या कानात पडला त्यानं जपावा, पण उच्चारू नये. उच्चारला की त्याचं सामर्थ्य गेलं आणि मागोमाग बँकेतलं गेलं. माणसं माना डोलावत होती. डॉ. मोहितेसुद्धा काहीतरी लिहून घेत होत्या. “कोणालाही सांगू नका” हे मी पालुपद केलं, पेटी त्यावर फिरली, आणि सबंध सभागृह टाळ्यांच्या ठेक्यात म्हणू लागलं, “सांगू नका, सांगू नका, कोणालाही सांगू नका.” माझ्या अंगावर काटा आला. समितीनं तिथेच उठून जायला हवं होतं. माझी कारकीर्द त्या क्षणी निष्कलंक होती.

मध्यंतरात गंगुबाईंनी मला हार घातला, बुक्का लावला. मग त्यांनी वेदिकाला लावला. मग लॅपटॉपला. प्राचार्य अर्धवट उठले आणि परत बसले. पाठोपाठ बायकांनी रीतीप्रमाणे पुढे येऊन नमस्कार केले, मला आणि लॅपटॉपलाही, आणि त्याच वेळी चिंतामणराव रांगांमधून ताट फिरवत होते. मला वाटलं आरतीचं. नव्हतं. आख्यानात लग्न आहे म्हटल्यावर त्यांनी कुंकू लावलेल्या अक्षता वाटल्या. सीतास्वयंवराला वाटतात तशाच. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. डॉ. मोहित्यांच्या मुठीतही अक्षता गेल्या, आणि त्या कुठे ठेवायच्या ते त्यांना कळेना, म्हणून मूठ तशीच मिटलेली.

उत्तररंग चढला. वधू निघाली. “पण वराकडची मंडळी भारी चिकित्सक,” मी म्हटलं, “म्हणतात, प्रत्येक करवली दोन एमबीच्या आत हवी.” हशा. “आणि आली ती पीडीएफ नेसूनच आली पाहिजे.” वेदिका एकेक जोडपत्र चढवत होती, पडद्यावर हिरवी खूण उमटत होती, प्रत्येक खुणेला तबलजी एक तुकडा वाजवत होता. शेवटी ‘सादर करा’ हे बटण आलं. मी वेदिकाकडे पाहिलं, तिनं डोळे मिटून बटण दाबलं, आणि चिंतामणरावांनी पहिलं मंगलाष्टक धरलं.

पडद्यावर चक्र फिरू लागलं.

आता ज्यांनी लग्नं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. अंतरपाट एकदा धरला की मुहूर्त येईपर्यंत मंगलाष्टकं थांबत नाहीत. थांबवणं अशुभ. चिंतामणरावांची संपली. चक्र फिरतच होतं. मी म्हटली. माझी संपली. मग लेले वहिनी उठल्या. त्यांच्याकडे पुतणीच्या लग्नात रचलेलं होतं, त्यात पुतणीचं नाव होतं ते त्यांनी तसंच ठेवलं. मग आळीतल्या माणसांची रांगच लागली. कोकणात प्रत्येक घरात एकतरी माणूस असा असतो, ज्यानं रचलेलं मंगलाष्टक कुठल्या तरी लग्नात म्हणायचं राहून गेलेलं असतं. त्या सगळ्यांचा दिवस उगवला. एकाच्या अष्टकात वधूची आत्या, मामा, काका आणि गोठ्यातली गायसुद्धा आली. घड्याळ साडेचारच्या पुढे सरकलं. वेदिकाच्या कपाळावरून बुक्क्याचा ओघळ आला होता.

आणि मी खोटं सांगणार नाही, डॉ. मोहिते उठल्या. म्हणाल्या, “एक आमच्याकडचं म्हणते.” आणि काय आवाज हो. घाटावरचा, मोकळा, विहिरीतून यावा तसा. त्यांच्या ‘सावधान’बरोबर चक्र थांबलं.

पडद्यावर अक्षरं आली : ‘आपले सत्र संपले आहे. नोंदणीकृत भ्रमणध्वनीवरील ओटीपी टाकून पुन्हा प्रवेश करा.’

नोंदणीकृत भ्रमणध्वनी अनिलचा. अनिल हा आमचा जुना प्रयोगशाळा सहायक. पोर्टलवर महाविद्यालयाचं खातं त्यानं काढलं, म्हणून नंबर त्याचा, आणि संस्थेनं त्याची गुहागरच्या शाखेत बदली केली. नंबर बदलायला पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तो करायला ओटीपी लागतो. तो अनिलकडे. मी हे वर्तुळही फळ्यावर काढून दाखवलेलं आहे.

सकाळी पहिल्यांदा आत शिरायचा ओटीपी अनिलनं कळवला होता, तो गोपनीयपणे, वेदिकाच्या कानात. आता तो सासुरवाडीच्या पोफळीत होता, जिथे रेंज पाण्याच्या एका विशिष्ट दगडी दोणीपाशीच येते. फोन लागला पण आवाज तुटत होता. चिंतामणरावांनी मदत म्हणून फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ माईकला लावला.

“ताई,” अनिलचा आवाज गाभाऱ्यापर्यंत घुमला, “आला हो नंबर. पण यात लिहिलंय, कोणाला सांगू नका.”

सभागृहातून, अजून अंगात ठेका होताच, आपोआप उमटलं, “सांगू नका, सांगू नका.”

“मग नको सांगू?” अनिल म्हणाला.

वेदिकानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पाली ते रत्नागिरी एसटीचा सगळा रस्ता होता, आणि तिची सासू होती. घड्याळात पाचाला थोडंच कमी होतं. माझ्या पूर्वरंगातला सगळा उपदेश मी मनातल्या मनात रामाच्या पायाशी ठेवला आणि म्हटलं, “सांग रे अनिल. मोठ्यानं सांग.”

“चार,” अनिल म्हणाला.

आणि सभागृह म्हणालं, “चार.”

कीर्तनाचा श्रोता आहे तो. समोरून शब्द आला की मागे म्हणायचा, हे त्याला जन्मापासून माहीत. “सात.” “सात.” तबल्यानं ठेका धरला. पेटी आली. शेवटच्या आकड्यापर्यंत गजर झाला, मग कोणीतरी तो आकडा पुन्हा पहिल्यापासून धरला, द्रुत लयीत, टाळ्यांसकट. डॉ. मोहिते टाळ्या वाजवत होत्या. मिटलेल्या मुठीनं जमेल तशा, पण वाजवत होत्या. मी पाहिलंय. वेदिकाला नंबर विसरण्याची भीती उरली नाही. तो रत्नागिरीतल्या निम्म्या माणसांना आजही पाठ आहे.

तिनं टाकला. बटण दाबलं. पडद्यावर पोचपावतीचा क्रमांक आला.

“लगीन लागला गो बाय,” गंगुबाई म्हणाल्या, आणि सभागृहभर जपून धरलेल्या सगळ्या अक्षता एकदम चौरंगावर आल्या. वधूवर. म्हणजे लॅपटॉपवर. वेदिका रडत होती आणि तिच्या केसांतून तांदूळ गळत होते. आरती झाली. आरती झाल्याशिवाय समितीलाही उठता आलं नाही.

वर्ग चालू राहिला. प्रात्यक्षिकाला समितीनं ‘अभिनव’ असं लिहिलं. वेदिकाच्या सासूनं माझ्यासाठी फणसाची साटं पाठवली, आणि निरोप पाठवला की पुढचं लग्न कधी आहे ते कळवा, बायकांना घेऊन येते. आणि मग तो शेरा. ‘अत्यंत असमाधानकारक’. शिवाय विनीतसरांचं पत्र, की लॅपटॉपचं ‘ल’ दाबलं की उमटत नाही, आणि उलटा केला की तांदूळ पडतात, तरी खुलासा करावा. त्यांना मी उत्तर दिलं की त्यांच्या विभागात एवढं मंगल कार्य पूर्वी झालेलं नाही.

विद्यापीठानंही खुलासा मागितला, गोपनीयतेच्या भंगाचा. तोही पोर्टलवरच भरायचा. यापुढे गोंधळ नको म्हणून प्राचार्यांनी दरम्यान खात्याला माझा नंबर जोडून घेतला होता. खुलासा मी लिहून दिला, आणि चढवायचं काम वेदिकानं घेतलं. ती आता लॅबमध्ये बसते, विनीतसर स्वतः किल्ली देतात. शेवटचा दिवस होता. मी म्हटलं तू कर, माझं कीर्तन आहे. करायचं नव्हे, ऐकायचं. उजवा खांब.

बुवा रंगात आले होते. माझा फोन थरथरला. आकडा आला होता. लगेच वेदिकाचा फोन. मी पदराआड धरून हळूच म्हटलं, “हां, बोल.”

“मॅडम, ओटीपी सांगता?”

“ओटीपी?” माझ्या तोंडून निघून गेलं. किती हळू बोलले असेन मी. पण शेजारी लेले वहिनींनी वळून पाहिलं. मागच्या रांगेतून चिंतामणराव पुढे वाकले. गंगुबाईंनी हातातला हार खाली ठेवला. बुवासुद्धा थांबले, काय झालं ते त्यांना कळेना. तबलजी तोच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात तबल्यावर ठेवले.

“सांगा वो बाय,” गंगुबाई म्हणाल्या. “आपलीच मान्सा हायत.”

मी फोन कट केला. पदराखाली धरून बसले. आकड्याची मुदत संपेपर्यंत. वेदिकाला नाही सांगितला, कोणालाच नाही सांगितला. पलीकडून ती पुन्हा पुन्हा फोन करत होती, तो मी घेतला नाही. बुवांनी पद पुन्हा उचललं, मंडळी जरा हिरमुसली होती, पण लागली म्हणायला.

खुलासा अजून गेलेला नाही. मुदतीत खुलासा सादर न केल्याबद्दल विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं आहे. कारण विचारलंय. तिथे मी लिहिलंय : ‘गोपनीयता पाळली.’ आणि ‘पाळली’च्या खाली रेघ मारली आहे.